हिशेबाची वही खंडानें कां घ्यावी?

शेतीचा हिशेब लिहून ठेवावा कीं नाहीं, हा वाद आतां आमच्या वाचकांत राहिलेला नाहीं. द्राक्षांच्या फवारण्या, उंसाचें वजन व उचल, मजुरांचे हजेरीपट, ठिबकाच्या पाळ्या, औषधांच्या पावत्या हें सर्व पुष्कळ बागाईतदार बंधु हल्लीं संगणकावर लिहितात; ज्यांस स्वतःस जमत नाहीं त्यांचीं मुलें अथवा सुना तें काम करितात. उरलेला प्रश्न निराळा आहे. ज्या सॉफ्टवेअरवर हा हिशेब लिहावयाचा त्याची वर्गणी दर वर्षीं भरावी लागते, ती भरल्यावांचून गत्यंतर नाहीं काय, असें गेल्या हंगामांत कित्येक सभासदांनीं आम्हांस विचारलें. उत्तर थोडक्यांत द्यावयाचें तर बहुतेक शेतकऱ्यांस ती भरण्याचें कारण नाहीं. मात्र "बहुतेक" हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे, आणि वाटेंतील खांचखळगे सांगितल्याशिवाय नुसत्या उत्तराचा उपयोग थोडा.

आमच्या स्वतःच्या घरचा एक प्रसंग येथें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं नवा संगणक आणला. दुकानदारानें लेखनाचें व हिशेबाचें सॉफ्टवेअर त्यांत बसवून दिलें आणि "सगळें आंत आहे" असें सांगितलें. आम्हींही अधिक चौकशी केली नाहीं. तें सॉफ्टवेअर एका वर्षाच्या वर्गणीचें होतें. वर्ष भरलें तें नेमकें जानेवारीच्या अखेरीस, द्राक्षांची काढणी आठ दिवसांवर आली असतांना. संगणक उघडतांच वर्गणी भरण्याची सूचना पुढें आली. जुनी नोंद वाचतां येत होती, कागदावर छापतांही येत होती. पण वहींत नवी ओळ म्हणून लिहितां येईना. निर्यातदाराचा माणूस फवारणीची पूर्ण नोंद मागत होता, आणि शेवटच्या तीन आठवड्यांचीं टिपणें आमच्या खिशांतील चिठ्ठ्यांवर होतीं. पैसे भरूं म्हटलें तर बँकेच्या कार्डाचा व्यवहार पुरा होईना. अखेर जुनी नोंद छापून तिच्याखालीं राहिलेल्या फवारण्या शाईनें लिहून दिल्या. माल वेळेवर गेला, नुकसान कांहीं झालें नाहीं. परंतु वही आमची, तिच्यांतील अक्षर न् अक्षर आमचें, आणि तींत लिहावयास परवानगी मात्र परक्याची, ही गोष्ट त्या रात्रीं प्रथमच नीट ध्यानांत आली. वर्गणी संपली म्हणजे वाचूं द्यावें पण लिहूं देऊं नये, हा अशा सॉफ्टवेअरचा सर्वसाधारण नियमच आहे. दोष द्यावयाचा तर तो न विचारतां घेणाऱ्या आमच्याकडेही जातो.

ज्यांनीं जमीन खंडानें दिली वा घेतली आहे त्यांस हा प्रकार निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं. खंडाच्या जमिनींत पीक आपण काढावें, पण खंड थकला कीं बांध ओलांडण्याची चोरी. पूर्वीं सॉफ्टवेअरची गोष्ट अशी नव्हती. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें ऑफिस, म्हणजे लेखनासाठीं वर्ड व हिशेबासाठीं एक्सेल इत्यादिकांचा संच, एकदां किंमत दिली कीं तबकडीवर मिळे आणि संगणक चालेल तोंवर चाले. इ. स. २०११ मध्यें त्या कंपनीनें ऑफिस ३६५ या नांवानें वर्गणीची पद्धत सुरू केली. २०२० पासून तिचें नांव मायक्रोसॉफ्ट ३६५ असें आहे. एकरकमी विक्री त्यामुळें अगदींच बंद पडली असें नव्हे. २०२४ मध्यें ऑफिस २०२४ हा संच त्याच जुन्या पद्धतीनें बाजारांत आला. पण जाहिरातींत पुढें केली जाते ती वर्गणी.

वर्गणी वाढविण्याचा अधिकारही, खंडाप्रमाणें, देणाऱ्याच्या हातीं असतो. ऑस्ट्रेलियांत २०२४ च्या अखेरीस या कंपनीनें कोपायलट नांवाचें कृत्रिम बुद्धीचें साधन संचांत घातलें, आणि एका माणसाची वार्षिक वर्गणी १०९ डॉलरांवरून १५९ डॉलरांवर नेली. हें साधन नको असणाऱ्यांस जुन्या दरांत राहतां येत होतें. परंतु ती गोष्ट ग्राहकांस स्पष्टपणें सांगितली नाहीं, असा आरोप करून तेथील ग्राहक आयोगानें ऑक्टोबर २०२५ मध्यें कंपनीस न्यायालयांत ओढलें. त्यानंतर कंपनीनें ग्राहकांची क्षमा मागून वाढीची रक्कम परत देऊं केली. तेव्हां आपल्याकडेही कोणी वर्गणी भरीत असेल तर नूतनीकरणापूर्वीं दराचें पान पुरतें वाचावें. वर्षास ५,००० रुपये धरले तरी दहा वर्षांत ५०,००० होतात. आणि ज्या घरच्या वहींत वर्षाकांठीं दोन-तीन हजार ओळींहून अधिक मजकूर येत नाहीं, त्या घरानें एवढी रक्कम कशासाठीं द्यावी हें आम्हांस समजत नाहीं.

या जागीं वापरावयाचें तें लिबरऑफिस. यास किंमत नाहीं, वर्गणी नाहीं, मुदत नाहीं. कितीही संगणकांवर बसवावें आणि शेजाऱ्यासही द्यावें, त्यांत चोरी होत नाहीं. फुकट वस्तूविषयीं शेतकऱ्याच्या मनांत संशय येणें स्वाभाविक आहे, म्हणून त्याचा वंश थोडक्यांत सांगतों. जर्मनींतील मार्को बोरीस या तरुणानें १९८५ मध्यें काढलेल्या कंपनीनें स्टारऑफिस नांवाचा संच तयार केला. १९९९ मध्यें ती कंपनी अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्सनें विकत घेतली, आणि दुसऱ्याच वर्षीं त्या संचाची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. तिच्यांतून ओपनऑफिस निघालें. पुढें २०१० मध्यें सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली, तेव्हां आपल्या श्रमाचें काय होईल या शंकेनें पुष्कळ काम करणाऱ्यांनीं डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था काढली व जानेवारी २०११ मध्यें लिबरऑफिसची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली. संस्था बर्लिन येथें असून देणग्यांवर चालते. आज्ञावली खुली असल्यामुळें उद्यां ही संस्था मोडली तरी दुसऱ्या कोणास तें काम पुढें चालवितां येईल, आणि ओपनऑफिसच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. ओपनऑफिस अपाची या संस्थेकडे अद्याप जिवंत आहे, पण त्याची सुधारणा फार मंद चालते. म्हणून नव्यानें घेणाऱ्यानें लिबरऑफिसच घ्यावें.

मोठ्या सरकारांनींही हा मार्ग चोखाळला आहे, आणि सर्वांचा अनुभव सारखा नाहीं. जर्मनींतील म्यूनिक शहराच्या नगरपालिकेनें २००३ मध्यें खुल्या सॉफ्टवेअरकडे जाण्याचा ठराव केला, सुमारें १५,००० संगणक तिकडे नेले, आणि २०१७ मध्यें परत फिरण्याचा ठराव केला. उलट त्याच देशांतील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतानें २०२४ मध्यें आपले सुमारें ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचें ठरविलें. मोठ्या कचेरींत हजारों माणसांच्या संवयी व शेंकडों जुने नमुने बदलावे लागतात. शेतकऱ्याच्या घरीं बदलावयाच्या त्या दोन-तीन वह्या, त्यामुळें आमचें काम पुष्कळच सोपें आहे.

आतां प्रत्यक्ष उपयोगाविषयीं. संचांतील कॅल्क हा भाग एक्सेलच्या जागीं आहे व रायटर हा वर्डच्या. कॅल्कच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात; एवढ्या ओळी आमच्या सात पिढ्यांस पुरतील. बेरजेचीं व अटींचीं जीं सूत्रें एक्सेलमध्यें चालतात तींच नेहमींच्या कामांत येथें चालतात. आमची रीत अशी आहे: एकच लांब कीर्द ठेवावी आणि तींत तारीख, गट क्रमांक, पीक, खातें, रक्कम व पावतीचा क्रमांक एवढेच रकाने करावे. खात्यांचीं नांवें आरंभींच ठरवून टाकावीं. एकदां "मजुरी" व एकदां "मजूर" असें लिहिल्यास यंत्र तीं दोन निराळीं खातीं धरतें. मग दुसऱ्या पानावर अटीच्या बेरजेचें सूत्र, ज्यास सम-इफ म्हणतात, घातलें कीं कोणत्या गटावर खतांचा खर्च किती व मजुरीचा किती हें आपोआप मांडलें जातें. उंसाच्या लावणीपेक्षां खोडव्यास एकरीं किती कमी खर्च आला, याविषयीं पारावर तोंडी अंदाज पुष्कळ ऐकूं येतात. असा उतारा हातीं असला म्हणजे अंदाजाची गरज राहत नाहीं.

तारखेच्या बाबतींत मात्र फार जपावें, कारण येथें होणारी चूक नजरेंत येत नाहीं. संच बसवितांना प्रांत म्हणून अमेरिका राहून गेल्यास यंत्र प्रथम महिना व मग दिवस असें वाचतें. आपण ३ जानेवारीची फवारणी म्हणून ०३/०१ लिहावें आणि त्यानें तो १ मार्च समजावा! १३/०१ लिहिलें तर तेरावा महिना नसल्यामुळें तें त्यास तारीखच न मानतां नुसतीं अक्षरें मानतें. निर्यातीच्या द्राक्षांत शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजावे लागतात, हें वाचकांस सांगणें नको. २०१० मध्यें क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत नाकारलीं गेलीं. त्या हंगामाचा फटका ज्यांस बसला ते नोंदीचें महत्त्व विसरलेले नाहींत. तेव्हां पहिल्याच दिवशीं साधनांच्या यादींतील पर्याय उघडून भाषेच्या पानावर प्रांत मराठी किंवा इंग्रजी (भारत) असा करून घ्यावा. ओळखण्याची खूण सोपी आहे: खरी तारीख घराच्या उजव्या कडेस चिकटते, आणि अक्षरें समजून घेतलेली डाव्या कडेस. हीच खूण रकमांस लागू आहे. रक्कम डावीकडे सरकलेली दिसली तर ती बेरजेंत धरली गेली नाहीं असें समजावें. आंकडे भरतांना इंग्रजी अंकच वापरावे हें बरें. मराठी अंक छपाईस शोभतात, पण बेरजेंत घोटाळा होण्याचा संभव राहतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न याहून जुना व अधिक त्रासाचा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं आपल्याकडे मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकित होई, त्यांपैकीं बहुतेकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. यंत्राच्या दृष्टीनें तो मजकूर इंग्रजीच. वर केवळ देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट संगणकावर असेपर्यंत सर्व ठीक दिसतें, आणि संगणक बदलला कीं सोसायटीच्या सभेचें इतिवृत्त निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास होऊन पुढें येतें. लिबरऑफिसमध्यें जुनी फाईल उघडून असें दिसल्यास लोक नव्या संचास नांवें ठेवितात. खरा दोष फॉन्टाचा असतो, आणि वर्गणीचा संच घेतला तरी तो तसाच राहणार. जुना फॉन्ट पुन्हा बसविल्यास मजकूर वाचतां येतो, परंतु खरा उपाय म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनानें तो युनिकोडमध्यें आणणें. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच, म्हणजे १९९१ मध्यें, देवनागरीस स्वतःचे संकेत मिळाले आहेत. त्या संकेतांतील मराठी कोणत्याही संगणकावर व मोबाईलवर मराठीच राहतें, त्यांत शोध घेतां येतो व नांवें वर्णानुक्रमें लावतां येतात. रूपांतरानंतर जोडाक्षरें व रफार यांत चुका राहतात, तेव्हां जमिनीचे करार, वाटणीपत्रें, सभेचे ठराव असे कागद मूळ प्रतीशीं ओळीनें ताडून पाहावे. हें काम कंटाळवाणें आहे खरें. पण जुना फॉन्ट ज्या संगणकावर आहे तो चालता आहे तोंवरच तें होण्यासारखें आहे, म्हणून सोसायट्यांच्या चिटणीसांनीं तें यंदाच्या वर्षांत उरकावें अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

ज्यांच्याकडे विकत घेतलेलें जुनें ऑफिस आहे त्यांनीं तें टाकून द्यावें काय? तें चालतें व आपलें आहे, यांत संशय नाहीं. मात्र कंपनी अशा संचांची डागडुजी ठराविक मुदतीनंतर थांबविते: २००७ च्या संचाची २०१७ मध्यें थांबली, २०१० च्याची २०२० मध्यें, २०१३ च्याची एप्रिल २०२३ मध्यें, आणि २०१६ व २०१९ या दोहोंची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. डागडुजी थांबलेल्या संचास काय धोका असतो याचें एक उदाहरण पुरे. वर्डमध्यें गणिताचीं समीकरणें लिहिण्याचें एक लहानसें जोडसाधन होतें. त्यांत सुमारें सतरा वर्षे एक दोष दडून होता, तो २०१७ मध्यें उघडकीस आला. त्या दोषाचा फायदा घेऊन रचलेली फाईल नुसती उघडली तरी परक्याची आज्ञा आपल्या संगणकावर चालत असे. म्हणून जुना संच ठेवावयाचा असल्यास तो स्वतःच्या वह्यांपुरता ठेवावा. ई-मेलनें किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल त्यांत उघडूं नये, ती चालू आवृत्तीच्या लिबरऑफिसमध्यें उघडावी. आलेल्या फाईलीनें मॅक्रो चालू करण्याची परवानगी मागितल्यास, ती कोणाकडून आली हें खात्रीनें ठाऊक असल्याखेरीज परवानगी कोणत्याच संचांत देऊं नये. तालुक्याच्या ठिकाणीं थोडक्या पैशांत "ऑफिस टाकून देणारे" पुष्कळ भेटतात. त्यांचा माल बहुधा चोरीचा असतो, आणि कुलूप मोडण्यासाठीं त्यांत जें घातलेलें असतें तें काय आहे हें घालणाऱ्यासही ठाऊक नसतें. खात्रीचें बियाणें फुकट मिळत असतां चोरीचें कां पेरावें?

संगणकच जुना असेल तर एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या लिबरऑफिस २५.८ पासून विंडोज ७ व ८ यांचा आधार काढलेला आहे. त्या यंत्रांवर त्याच्या आधीची आवृत्ति बसवावी लागते. संच घ्यावयाचा तो लिबरऑफिस डॉट ऑर्ग या संस्थेच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच. शोध घेतांना तत्सम नांवांचीं ठिकाणें वर येतात, तेथें कोणी पैसे मागितले तर जागा चुकली असें समजावें.

गूगलचें डॉक्स व शीट्स हेंही फुकट आहे व मोबाईलवरून शेतांतच नोंद करण्यास फार सोयीचें आहे. आमचा मुलगा बागेंत उभा राहून त्यांतच लिहितो. परंतु तेथें वही आपल्या घरीं नसून दुसऱ्याच्या वाड्यांत असते. दोन वर्षे न वापरलेलीं व्यक्तिगत खातीं त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याचा नियम गूगलनें डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. घरांतील कर्त्या माणसाचें खातें त्याच्या पश्चात् असेंच पडून राहण्याचा संभव असतो. म्हणून महिन्याच्या अखेरीस तेथील वही उतरवून संगणकावर व एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.

लिबरऑफिस कोणास पुरणार नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. कांहीं सरकारी व बँकांचे नमुने एक्सेलच्या मॅक्रोंवर बांधलेले असतात. ते कॅल्कमध्यें उघडतात, पण त्यांतील कळा दाबल्या तरी हालत नाहींत. असा नमुना वर्षांतून एकदांच भरावयाचा असेल तर तो हिशेबतपासनिसाच्या कचेरींत किंवा सेवा केंद्रांत भरून घ्यावा. ज्यांचें निर्यातीचें मोठें काम आहे, दहा माणसें एकाच वहींत लिहितात, आणि परदेशीं ग्राहकांशीं रोज त्याच स्वरूपाच्या फाईलींची देवघेव चालते, त्यांनीं वर्गणी खुशाल भरावी. त्यांच्या व्यवहारास तो खर्च जड नाहीं, आणि वर्गणीबरोबर मिळणारी दूरची सांठवण त्यांस उपयोगी पडते. सांध्याच्या चुकाही होतात. वर्डमध्यें नीट मांडलेलें पत्र रायटरमध्यें उघडतांना ओळी खालींवर सरकतात. दुसऱ्यास केवळ वाचावयास पाठवावयाचें असेल तें पीडीएफ करून पाठवावें, दुसऱ्यानें त्यांत लिहावयाचें असेल तर एक्सेलच्या स्वरूपांत द्यावें, आणि घरची मूळ प्रत ओडीएफ या खुल्या स्वरूपांत ठेवावी. हें स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालेलें असून त्याची रचना कोणासही वाचण्यास खुली आहे.

बदल करावयाचा तो हंगामाच्या मध्यें करूं नये. मार्चमध्यें जुन्या वहीची एक प्रत लिबरऑफिसमध्यें उघडून प्रत्येक खात्याची बेरीज जुन्या संचांतील बेरजेशीं ताडून पाहावी. तफावत आली तर ती बहुधा वर सांगितलेल्या तारखांची अथवा डावीकडे सरकलेल्या रकमांची निघते. बेरजा जुळल्या म्हणजे १ एप्रिलपासून नवी कीर्द नव्या संचांत सुरू करावी व जुनी वही वाचण्यापुरती राहूं द्यावी. जे वर्गणी भरीत आहेत त्यांनीं मुदत संपण्याच्या निदान महिनाभर आधीं आपल्या सर्व फाईली दूरच्या सांठवणींतून घरच्या संगणकावर उतरवून घ्याव्या आणि आपोआप पैसे कापण्याची बँकेस दिलेली संमति रद्द करावी. कीर्द, फवारणीची नोंद व हजेरीपट अशा तीन कोऱ्या वह्या आम्हीं ओडीएफ स्वरूपांत तयार करून संघाच्या कचेरींत ठेविल्या आहेत; सभासदांनीं पेनड्राइव्ह घेऊन यावें, त्या विनामूल्य उतरवून देण्यांत येतील.